साधुकार : प्राथमिक शाळेतील मुलांच्या सद्वर्तनाचा विचार

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहावा, असे इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने आम्हांला प्रथम वाटले होते. परंतु शाळेची वाटचाल, वसतिगृह आणि दानशूर व्यक्ती यांविषयी या अंकात इतर मान्यवरांनी लिहिले आहेच. तेव्हा आम्ही वर्गातल्या, व्हरांड्यातल्या आणि भोजनगृहातल्या एका रोजच्या प्रश्नाकडे वळतो. लहान मूल चांगले वागू लागते ते कशामुळे? भीतीमुळे, बक्षिसामुळे, की आणखी कशामुळे?

दरवर्षी जून महिन्यात प्रवेशाच्या दिवशी पालक मुलाचा हात आमच्या हाती देतात. पत्र्याची पेटी, अंथरूण, ताट-वाटी खाली ठेवतात आणि निघताना पुष्कळ जण एकच वाक्य बोलतात, "सर, वेळ पडली तर मारा, पण याला माणूस करा." या वाक्यात शिक्षकावरचा विश्वास आहे. त्यात आपल्या समाजाचा इतिहासही आहे. ज्या घरातील पणजोबांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्या घराला शाळा लाखमोलाची वाटते आणि तिच्यासाठी मुलाने दोन छड्या खाल्ल्या तर ती किंमत फार वाटत नाही. पालकांच्या या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि त्यांनी दिलेली ती परवानगी आम्ही आता स्वीकारत नाही. ती का स्वीकारत नाही आणि तिच्या जागी काय करतो, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना समजावून सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे.

एक जुनी चूक

प्रथम आमची चूक सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही दुसऱ्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर होतो. वर्गातील एक मुलगा रोज उशिरा येई. प्रार्थना संपून हजेरी सुरू झाली की तो दाराशी उभा राही. नियम सर्वांना सारखा, असे म्हणून आम्ही त्याच्या तळहातावर रोज एक छडी देत असू. तो मुकाट्याने हात पुढे करी आणि जागेवर जाऊन बसे. एके दिवशी तो दाराशी दिसला नाही, तेव्हा याला अखेर शिस्त लागली, असे आम्हांला वाटले. हजेरी घेताना कळले की तो आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आला नाही आणि त्यानंतरही आला नाही.

उशिराने शहाणपण सुचून आम्ही त्याच्या घरी गेलो. आई पहाटेच कामावर जाई. वस्तीच्या नळाला पाणी येई ते नेमके शाळेच्या वेळेला. घरचे पाणी भरून, धाकट्या बहिणीला शेजारणीकडे सोपवून तो मुलगा धावत शाळेत येत असे. उशीर होणार आणि छडी मिळणार हे ठाऊक असूनही तो रोज येत होता. नऊ वर्षांच्या मुलाची ही चिकाटी आम्हांला दिसली नाही, दिसला तो फक्त घड्याळाचा काटा. पुढे त्या कुटुंबाने बिऱ्हाड हलवले आणि तो मुलगा आमच्या वर्गात परत आला नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अनेक जण प्रेमाने म्हणतात, "सर, छडी होती म्हणून आम्ही घडलो." ही कृतज्ञता मनाला सुखावते. परंतु मेळाव्याला येतात ते शाळेत टिकलेले विद्यार्थी. छडीमुळे ज्यांची शाळा सुटली, ते मेळाव्याला येत नाहीत आणि त्यांची साक्ष कोठेही नोंदली जात नाही. केवळ उरलेल्या साधनांवरून निष्कर्ष काढू नये, हा इतिहासलेखनाचा नियम येथेही लागू पडतो.

'शिक्षा' या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. परंतु संस्कृतातील 'शिक्षा' आणि पालीतील 'सिक्खा' या शब्दांचा अर्थ शिकणे, अभ्यास करणे असा आहे. आपण विहारात पंचशील ग्रहण करतो तेव्हा प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हणतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. त्या वेळी कोणी आपल्याला आज्ञा करीत नाही. 'समादियामि' या शब्दाने आपण ती पायरी स्वतःहून स्वीकारतो. शीलाचा भंग झाला तर पाठीवर वळ उठवणारा कोणी तेथे उभा नसतो. चूक ओळखावी आणि पुन्हा अभ्यासास लागावे, एवढीच अपेक्षा असते. शाळेने 'शिक्षा' या शब्दाचा हा मूळ अर्थ परत मिळवावा, असे आम्हांस वाटते.

कायदाही आता स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ अन्वये शाळेत बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. तसे करणारा शिक्षक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम २९ मध्ये मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे, ही अपेक्षा अभ्यासक्रमाच्या तत्त्वांतच घातली आहे. म्हणजे पालकाने परवानगी दिली तरी शिक्षकाला मारण्याचा अधिकार मिळत नाही.

कायद्यातील 'मानसिक छळ' हे दोन शब्द आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावेत. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान, असा प्रकार होता. बाबासाहेबांनी ही हकिगत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या मुलाने कोणतेही गैरवर्तन केले नव्हते. अंगावर वळ उठला नाही, तरी ती शिक्षाच होती आणि ती त्याच्या जन्माला दिलेली होती. एखाद्या मुलाला 'ढ' म्हणणे, त्याच्या वस्तीवरून, बोलीवरून, रंगावरून किंवा आडनावावरून टोमणा मारणे, हे त्याच वृत्तीचे आजचे रूप आहे. आपल्या शाळेत तर त्याला तसूभरही जागा असता कामा नये.

भुईगावचा शिलालेख

आपण निर्मळला राहतो म्हणजे केवढ्या मोठ्या वारशाच्या अंगणात राहतो, याची आठवण मुलांना आम्ही नेहमी करून देतो. जवळच प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे आहे. तेथील व्यापारी पूर्ण हा तथागतांचा भिक्खू झाला, अशी बौद्ध परंपरा सांगते. 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले आणि त्यातून विटांचा स्तूप उजेडात आला. त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी, आपल्या शेजारच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

तुकड्यावर पूर्ण मजकूर नाही. परंतु हाच लेख गिरनारसारख्या इतर ठिकाणीही कोरलेला असल्याने त्याचा आशय आपल्याला कळतो. लोक आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ अल्प असते, असे सम्राट सांगतो. खरे फळ देणारा मंगलविधी म्हणजे धम्ममंगल. आणि धम्ममंगलात तो कशाची गणना करतो? दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. याचा अर्थ असा की रोजचे चांगले वागणे हाच मोठा विधी होय.

त्यानंतर सम्राटाने जे सांगितले आहे ते शिक्षकाच्या फार उपयोगाचे आहे. पिता, पुत्र, भाऊ, धनी यांनी एकमेकांना हे चांगले आहे, हे करावे, असे सांगत राहावे, असा त्याचा उपदेश आहे. 'चांगले' या अर्थी तेथे 'साधु' हा शब्द आला आहे. वंदनेनंतर आपण तीनदा उच्चारतो तोच हा शब्द. काय करू नये याची यादी मुलाला आपण दिवसभर ऐकवत असतो. काय चांगले आहे आणि ते केल्यावर कोणाच्या तरी नजरेस आले, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. चांगली कृती दिसताच तिचे नाव घेऊन तिला मान्यता देणे, यालाच बौद्ध परंपरेत 'साधुकार' म्हणतात. प्राथमिक शाळेत सद्वर्तन रुजवण्याचे हे पहिले साधन आहे, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

साधुकार कसा द्यावा

साधुकार म्हणजे वारेमाप स्तुती नव्हे. त्याचे काही नियम आहेत.

पहिला नियम असा की स्तुती कृतीची करावी आणि ती नेमकी करावी. "तू फार गुणी मुलगी आहेस," हे वाक्य गोड आहे, पण त्यातून मुलीला पुढच्या वेळी काय करावे ते कळत नाही. "जेवण झाल्यावर तू स्वतःचे ताट धुतलेस आणि शेजारच्या पहिलीतल्या मुलीचेही धुऊ लागलीस, ते मी पाहिले," या वाक्यातून तिला स्वतःची कृती दिसते. अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर केलेले काही प्रयोग क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले, तर काहींना 'तू मेहनत घेतलीस' असे म्हटले. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. तेथे अपयश आल्यावर 'हुशार' ठरवलेली मुले लवकर खचली, त्यांची पुढची कामगिरी घसरली, आणि आपले गुण इतरांना वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. मेहनतीची दखल घेतलेली मुले टिकून राहिली. मुलाला बिरुद दिले की ते सांभाळण्यासाठी प्रसंगी ते खोटे बोलू लागते, हा यातील बोध प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा.

दुसरा नियम असा की साधुकाराचा सौदा होऊ देऊ नये. "शांत बसलात तर चॉकलेट देईन," असे म्हटले की मूल शांत बसते, परंतु त्याचे लक्ष चॉकलेटवर असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत झालेला एक अभ्यास मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना चित्रासाठी प्रमाणपत्र देण्याचे आधी कबूल केले आणि दिले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. ज्यांना तेच प्रमाणपत्र न सांगता, अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. बक्षीस वर्ज्य आहे, असा याचा अर्थ आम्ही करीत नाही. स्नेहसंमेलनातील बक्षीस समारंभ आनंदाचाच असतो. परंतु रोजच्या चांगुलपणाची किंमत ठरवू नये. आज पेन्सिलीसाठी खरे बोलणारे मूल उद्या पेन्सिल मिळाली नाही तर काय करील?

तिसरा नियम समतेचा आहे. वर्गात पुढे बसणाऱ्या, नीटनेटक्या, चटकन उत्तर देणाऱ्या चार-पाच मुलांना साधुकार सहज मिळतो. मागच्या ओळीतली अबोल मुलगी, बोली वेगळी असलेला आदिवासी पाड्यावरचा मुलगा, सतत वळवळ करणारा विद्यार्थी यांच्या वाट्याला तो येत नाही. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करण्याचे काम शिक्षकांकडे आले. आरंभी आम्हीही त्याला कागदी काम म्हणून नावे ठेवली. पुढे त्या नोंदवहीचा एक उपयोग सापडला. शनिवारी ती उघडून पाहिली की आठवडाभरात कोणत्या मुलांविषयी आपण एकही चांगली ओळ लिहिलेली नाही, ते समजते. सोमवारी त्याच मुलांकडे अधिक लक्ष द्यायचे. पाहणारा डोळा असला की प्रत्येक मुलात काही ना काही सापडतेच.

चौथा नियम वाक्यरचनेचा आहे. "पळू नका" म्हणण्याऐवजी "व्हरांड्यात चालत जा" म्हणावे. "गोंगाट बंद करा" याऐवजी "शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोला" म्हणावे. सहा वर्षांच्या मुलाला काय करू नये यापेक्षा काय करावे हे लवकर उमगते. वर्गाचे नियमही चार-पाचच असावेत आणि ते जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांशी बोलून, त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठरवावेत. स्वतः ठरवलेला नियम मूल स्वतः सांभाळते आणि प्रसंगी शिक्षकालाही त्याची आठवण करून देते. अशा वेळी शिक्षकाने रागावू नये.

राहुलाला दिलेला धडा

चूक झाली तर काय करावे, याचे उत्तर तथागतांनी राहुलाला दिलेल्या उपदेशात आहे. त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता, असे परंपरा मानते, म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातील मुलाएवढा. विषय खोटे बोलण्याचा होता. राहुलाने पाय धुण्यासाठी पाणी आणून ठेवले होते. तथागतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण या पाण्याएवढेच थोडे असते, असे सांगितले. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, उताणे करून रिकामे दाखवले. त्यांनी रागाचा एक शब्द उच्चारला नाही आणि चुकीचे गांभीर्यही तिळमात्र कमी केले नाही. समोरच्या भांड्यातून त्यांनी मुलाला धडा दिला.

त्यानंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. त्याचप्रमाणे प्रत्येक कृती पाहावी, असे तथागतांनी सांगितले. करण्यापूर्वी पाहावी, करीत असताना पाहावी, केल्यानंतर पाहावी. तिने आपल्याला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का, ते तपासावे. दुःख होत असेल तर थांबावे, आणि कृती घडून गेली असेल तर ती जाणत्या माणसापाशी उघड करून पुढे सावध राहावे. कृती चांगली असेल तर त्या आनंदात राहून अभ्यास चालू ठेवावा. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात ज्या मोजक्या धम्मवचनांच्या अभ्यासाची शिफारस केली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

वर्गात आम्ही याचे तीन प्रश्न केले आहेत. दोन मुलांचे भांडण झाले की त्यांना वेगळे करायचे, श्वास शांत होऊ द्यायचा आणि मग विचारायचे : काय झाले? त्याने कोणाला त्रास झाला? आता काय केले म्हणजे बरे होईल? "कोणी सुरू केले?" हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे, कारण त्या प्रश्नाला प्राथमिक शाळेत आजवर एकच उत्तर मिळत आले आहे, "यानेच!" तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मुले फार सुंदर देतात. फाटलेली वही चिकटवून देणे, सांडलेले पाणी पुसणे, खेळात पुन्हा सामील करून घेणे, या सर्व सूचना मुलांच्याच आहेत. कबुली देणाऱ्या मुलाचा अपमान मात्र होता कामा नये. एकदा तसा अपमान झाला की ते मूल पुढे आपल्यापासून चूक लपवायला शिकते.

वर्तनामागचे कारण

प्रत्येक गैरवर्तन हे गैरवर्तन असतेच असे नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातच याचे मोठे उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. या मुलांना शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी ही कल्पना साकार झाली. मुले गुरे चारायला जातात, तर कुरणातच शाळा भरवली आणि कुरणशाळा झाली. त्यांनी मुलांना दोष देण्याऐवजी शाळेची रीत बदलली. आमच्या हातून शाळा सुटलेल्या त्या पाणी भरणाऱ्या मुलासाठी आम्हांला हेच सुचायला हवे होते.

निवासी शाळेत तर कारण शोधण्याची सवय हवीच. दिवाळीच्या सुटीनंतर परतलेले मूल चिडचिडे होते ते घराच्या आठवणीने. वीटभट्टीवर आई-वडिलांसोबत राहून आलेले मूल वर्गात पेंगते ते आळसाने नव्हे, महिनोन्महिने पुरेशी झोप न मिळाल्याने. फळ्यावरचे उतरवून न घेणाऱ्या मुलाला कदाचित चष्मा हवा असतो. हाक मारली तरी न ऐकणाऱ्या मुलाचा कान कदाचित दुखत असतो. पहिली-दुसरीतील मूल रात्री अंथरूण ओले करते, त्याला सकाळी सर्वांसमोर ती चादर उचलायला लावणे ही क्रूरता होय. तो वर्तनाचा दोष नाहीच. गृहपालांनी गाजावाजा न करता चादर बदलावी, झोपण्यापूर्वी त्या मुलाला आठवणीने लघवीला पाठवावे, आणि दीर्घकाळ तसेच चालले तर डॉक्टरांना दाखवावे.

मग शिस्तीचे काय?

"एवढे लाड केल्यावर मुले डोक्यावर बसणार नाहीत का?" हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. लाड आणि आदर यांत फरक आहे. ज्याने सांडले त्याने पुसावे, ज्याने मोडले त्याने दुरुस्तीला हातभार लावावा, ज्याने मन दुखावले त्याने ते सांधण्याचा यत्न करावा. हा कृतीचा स्वाभाविक परिणाम असतो आणि तो चुकवू देऊ नये. वेळापत्रक, रांग, झोपण्याची वेळ यांत शिक्षकाने स्वतः काटेकोर असावे. आज हसून सोडलेली गोष्ट उद्या रागाने पकडली, तर मूल नियम शिकत नाही, शिक्षकाचा चेहरा वाचायला शिकते. मोठी मुले लहानांना धमकावत असतील, कोणी जातीवाचक बोलत असेल, कोणाच्या शरीराला अनुचित स्पर्श होत असेल, तर तेथे कौतुकाची आणि समजुतीची भाषा पुरेशी नसते. तेथे ताबडतोब थांबवणे, दुबळ्याचे संरक्षण करणे आणि मुख्याध्यापक व पालकांना सामील करून घेणे हे कर्तव्य ठरते. कायद्याने कळवायचे ते कळवण्यासही मागेपुढे पाहू नये.

एका प्रथेविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. पुष्कळ शाळांत चुकलेल्या मुलाला झाडू मारायला किंवा शौचालय धुवायला लावतात. आमच्या शाळेत झाडू ही शिक्षा कधीही होऊ नये, असा आमचा आग्रह आहे. ज्या समाजावर झाडू जन्माने लादला गेला, त्या समाजाच्या शाळेत तो अपमानाचे साधन झाला तर मुले दोन चुकीच्या गोष्टी शिकतील. स्वच्छतेचे काम हलके असते, ही पहिली, आणि ते करणारी माणसे हलकी असतात, ही दुसरी. म्हणून आपल्याकडे सफाईची पाळी सर्वांची असते, वर्गप्रमुखाची आणि शिक्षकांचीही. शिक्षक हाती झाडू घेतात त्या दिवशी मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.

पालक व माजी विद्यार्थी यांस

सिगालोवाद सुत्तात आचार्यांची शिष्याप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला चांगले वळण लावावे, नीट आकलन होईल असे शिकवावे, विद्या हातचे न राखता द्यावी, त्याच्या मित्रमंडळींत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी तो सुरक्षित राहील असे करावे. यातील चौथ्या कर्तव्याकडे आमचे बरेच दुर्लक्ष होत असे. शाळेतून फोन आला की आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "काय केलं पोरानं?" कारण आजवर शाळेने फोन केला तो तक्रारीसाठीच. आता आम्ही ठरवून चांगल्या बातमीसाठीही फोन करतो. एका आईला आम्ही कळवले की तिच्या मुलाने तापाने फणफणलेल्या मित्राजवळ बसून त्याला पेज भरवली. ती माउली बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, हे त्याला माझ्याकडून सांगा, की मला कळलं." त्या मुलाला हा निरोप सांगताना त्याच्या चेहऱ्यावर आम्ही जे पाहिले, ते कोणत्याही छडीने किंवा चॉकलेटने घडले नसते.

पालकांना आमची विनंती एवढीच आहे. भेटीच्या दिवशी मुलाला गुण किती पडले हे अवश्य विचारा, पण त्याआधी या महिन्यात तू कोणाच्या उपयोगी पडलास, हे विचारा. सुटीत घरी चूक झाली तर हात उगारण्यापूर्वी वरचे तीन प्रश्न विचारून पाहा. शाळेत एक रीत आणि घरी दुसरी असेल तर मूल दोन चेहरे धारण करते.

माजी विद्यार्थ्यांचे ऋण वेगळे आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईतील शिक्षक आणि लेखक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला. तो मुलगा त्यांच्या वर्गात नव्हता, त्यांच्या नात्यागोत्यातला तर नव्हताच. तरीही त्यांनी त्याची आस्थेने चौकशी केली, आणि पुढे त्याच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सत्कार केला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. त्या पुस्तकाचा आपल्यावर झालेला परिणाम बाबासाहेबांनी पुढे स्वतः नमूद केला. एका शिक्षकाने एका मुलाचे वाचन पाहिले आणि त्याला साधुकार दिला, त्याचे फळ १९५६ मध्ये लक्षावधी लोकांच्या पदरात पडले. आपणही वर्षातून एकदा शाळेत या, मुलांसोबत जेवा, एखाद्या मुलाचे काही चांगले दिसले तर ते त्याला सांगा.

आपल्यापैकी काही जणांनी आमच्या हातचा मार खाल्ला आहे. आपण तो विसरला असाल किंवा प्रेमाने क्षमाही केली असेल. तरीही या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आपली मनःपूर्वक क्षमा मागतो. चूक उघड करावी आणि पुढे सावध राहावे, हे राहुलाला सांगितलेले वचन शिक्षकालाही लागू आहे. आणि चौथीच्या वर्गाच्या दाराशी उभा राहिलेला तो मुलगा आज कोठेतरी स्वतःच्या मुलाचा हात धरून शाळेत जात असेल, तर त्या शाळेतील शिक्षकाने त्या मुलाला प्रथम "आलास? बरे झाले," एवढे म्हणावे, अशी आमची मंगलकामना आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!